वणव्याच्या मोसमातील बिऱ्हाड

सॅक्रामेंटो, २९ जुलै

तीर्थस्वरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

उत्तर कॅलिफोर्नियातील लासेन ज्वालामुखीचे राष्ट्रीय उद्यान पाहण्याचा बेत जावईबापूंनी मांडला आहे, आणि ज्या बिऱ्हाडानिशी तो सिद्धीस जावयाचा ते बिऱ्हाड, म्हणजे शेगडी, पलंग, मोरी आणि पाण्याची टाकी यांसह मोटारीमागे जोडावयाचा ट्रेलर, सध्या दारात उभे आहे. साताऱ्यास पावसाची झड लागली असेल. इकडे मात्र उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नसतोच, गवत वाळून पिवळेधमक होते आणि शरद ऋतूतील पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत वणव्याची धास्ती सरत नाही. त्यामुळे काय काय पाहावयाचे हा प्रश्न मागे पडून, प्रत्येक मुक्कामावरून निघून जाण्याचे रस्ते किती, याचीच चर्चा रोज जेवताना चालते. आत जाणारा रस्ताच जेथे बाहेर येण्याचा एकमेव मार्ग, ते स्थळ कितीही रमणीय असो, यादीतून बाद. मान्झानिटा तलावाचा तळ मंजूर झाला तो एवढ्याचसाठी की, तेथून ४४ क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेस रेडिंगला उतरता येते आणि प्रसंग पडल्यास ८९ क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेस बर्नीकडे वळता येते.

ही भीती पोकळ नव्हे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज नावाचे डोंगरमाथ्यावरील गाव एका दिवसात भस्मसात झाले. त्या वणव्यात ८५ माणसे दगावली. गावातून उतरणारे रस्ते मोजके, त्यांवर मोटारींची कोंडी, आणि काहींना तर मोटारी टाकून पायी पळावे लागले. अशा रस्त्यावर आमचे हे लांबलचक धूड वळणावर अडकून बसले, तर जीव केवळ आमचाच धोक्यात येणार नाही. येथील सरकारी शिरस्ता असा की, वेळ असल्यास आधी स्थलांतराचा इशारा द्यावयाचा आणि मग हुकूम सोडावयाचा. ज्याचे घर तेथे आहे, गुरेढोरे आहेत, तो हुकूम येईतो घुटमळला तर त्यास दोष देववत नाही. परंतु हौसेखातर गेलेल्या पाहुण्याने इशारा येताच, किंबहुना त्याहीपूर्वी, रस्ता मोकळा करून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जावईबापूंना ते पटले. लेकीस मी जरा अतिरेकी वाटतो.

रेडिंग, २ ऑगस्ट

ती. अण्णा,

येथील उष्मा वर्णनापलीकडचा आहे. गावाच्या पश्चिमेस व्हिस्कीटाउनचा तलाव लागतो, आणि त्याच परिसरात २३ जुलै २०१८ रोजी एका ट्रेलरचा टायर फुटला, उघडी पडलेली लोखंडी रिम डांबरी सडकेवर घासत गेली आणि उडालेल्या ठिणग्यांनी कडेचे वाळके गवत पेटले. ‘कार’ नावाचा तो वणवा पुढे २,२९,००० एकरांवर पसरला. तीनच दिवसांत, २६ तारखेस, त्यातून उठलेला अग्नीचा प्रचंड भोवरा रेडिंगच्या वेशीवर नाचून गेला. वणव्यापासून ट्रेलर वाचवावयाचा एवढेच मी आजवर मनात धरले होते; ट्रेलरपासून रान वाचवावयाचे, हा निम्मा हिशेब मला या गावाने समजावून दिला.

तेव्हापासून, जत्रेस निघण्यापूर्वी आबा जसे गाडीच्या धावा निरखीत, तसे आम्ही रोज सकाळी टायर निरखतो. हवा मोजावयाची, वरून धडधाकट दिसणारा पण वयाने जुना झालेला टायर बदलावयाचा, जोडाच्या साखळ्या सडकेवर लोंबत नाहीत ना, ते वाकून पाहावयाचे, आणि तापलेली मोटार वाळक्या गवतावर कदापि उभी करावयाची नाही. पेट्रोल निम्म्याखाली जाऊ द्यावयाचे नाही. पासपोर्ट, माझी रक्तदाबाची औषधे आणि धुराचे मुखपट्टे दाराजवळच्या पिशवीत आहेत. तळावर शेकोटीस सक्त मनाई असल्याने लेक हिरमुसली आहे, परंतु गॅसच्या शेगडीस मुभा असल्यामुळे पिठले-भाताचा बंदोबस्त अबाधित आहे.

ट्रिनिडॅड, ६ ऑगस्ट

ती. अण्णा,

पत्ता पाहून आपण चकित व्हाल. कोरड्या विजा पडून पूर्वेकडील डोंगरांत ठिकठिकाणी आगी लागल्या, आणि इशारा आमच्या तळाला लागू झाला नसतानाही धुराने निकाल लावून टाकला. हवेच्या निर्देशांकाने १५० ओलांडले की ती सर्वांसच अपायकारक मानतात. तो आकडा सकाळीच मागे पडला होता, आणि ट्रेलरच्या पातळ भिंतींना धूर अडविण्याचे सामर्थ्य ते कितीसे! छताचा झरोका बंद करून, दाराच्या फटींत ओली फडकी कोंबून पाहिली, तरी लेकीचा खोकला थांबेना. मग २९९ क्रमांकाच्या वळणावळणाच्या रस्त्याने थेट समुद्र गाठला. येथे धुके आहे, स्वेटर लागतो आणि रेडवूडची झाडे मान दुखेपर्यंत उंच आहेत.

लासेनचे आरक्षण रद्द केले. या तळावरही आणखी दोन रात्री मिळत होत्या. पण डोंगरातून घरे सोडून आलेली कुटुंबे जागा शोधीत आल्याचे कळले, तेव्हा आम्ही उद्या दक्षिणेस निघण्याचे ठरविले. वहिनींना ज्वालामुखीची छायाचित्रे कबूल केली होती, ती आता मिळणार नाहीत, म्हणून कळवावे. पुढील पत्र सॅक्रामेंटोच्या पत्त्यावरच पाठवावे.

आपला धाकटा बंधू