ओली वाळू

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या सर्वांत संवेदनशील ठिकाणांत मुंबई आणि उरणच्या जोडीला तारापूर होतं. 1969 पासून तिथं अणुवीज केंद्र चालू आहे, त्यामुळे नवल काहीच नव्हतं. आम्ही दातिवऱ्याची माणसं त्याच किनाऱ्यावर, थोडी खाली. त्या आठवड्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला होता आणि फोनवर युद्धाच्या चित्रांचा नुसता पूर आला होता. त्यातली काही तर व्हिडिओ गेममधली निघाली! आगीचे लोळ, आभाळात रेघोट्या, आणि माणूस औषधालाही नाही. असलं काही बघून भीती वाटत नाही, चेव येतो.

मला युद्ध भिडलं ते एका शांत फोटोतून. तो काढणारे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी तेव्हा मुंबईत राहून रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी काम करत. सप्टेंबर 2017 मध्ये म्यानमारमधून जीव घेऊन निघालेली एक रोहिंग्या बाई बांगलादेशात शाह परीर द्वीपला होडीतून उतरली आणि तिनं वाकून वाळूला हात लावला. सिद्दीकींनी तेवढंच टिपलं. रक्त नाही, बंदूक नाही. पण होडी आणि ओली वाळू आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. दर्यातून आलेला माणूस जमिनीला असा हात कधी लावतो, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही कळतं.

त्या फोटोनं माझा पाठ असलेला इतिहासही हलवला. आमच्या दातिवऱ्याच्या हिराडोंगरीवरून वैतरणेचं मुख आणि पलीकडचा अर्नाळा दिसतो. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून 1737 मध्ये अर्नाळा घेतला, जानेवारी 1739 मध्ये तारापूर, मे महिन्यात वसई. तारापूरला मराठा सरदार बाजी भिवराव पडले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेचा हा हिशेब इकडं अभिमानानं सांगतात, मीही सांगतो. पोर्तुगीजांचा जाच खराच होता. पण वसईच्या तहात हरलेल्यांना बायकामुलांसह निघून जायची मुभा होती आणि ते समुद्रमार्गे गेले, हे आपण एका ओळीत वाचून मोकळे होतो. त्यांच्यातल्या एखाद्या बाईनं पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर काय केलं असेल? तिचा फोटो नाही, म्हणून ती आपल्या विजयात कुठंच नाही.

युद्धाचा खरा फोटो बाजू बदलायला सांगत नाही. समोरच्या होडीतही माणसं होती, एवढं तो विसरू देत नाही. असे फोटो काढणारे सिद्दीकी 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्डाक इथं लढाईचं वार्तांकन करताना मारले गेले.