चिमूटभर केर

मंगळसूत्राची कडी तुटली म्हणून ती लोणावळ्यात सोनाराकडे बसली होती. बाहेर पाऊस धो धो. कानशीखाली पडलेला कीस त्याने मऊ ब्रशने डबीत लोटला. पायाखालचं गोणपाटही झटकून ठेवतो, म्हणाला. केर विकला जातो.

केर?

झारेकरी तो विकत घेतात. जाळतात, कुटतात, पाण्यात धुतात. जड सोनं तळाशी बसतं, पारा त्याला धरतो आणि मग आचेवर पारा उडून जातो. ती वाफ छातीत जाते, याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

लोणावळ्याच्या या मावळात सोन्याची खाण नाही. इथला कातळ लाव्ह्याचा. त्यात भाज्याची लेणी कोरली गेली, एवढंच. कोलारची खाण २००१ साली बंद पडली. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत मात्र ऑपरेटर अजून पाळीवर जातात. दगड फोडायचा, बॉल मिलमध्ये पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवायचं. टनभर दगडामागे हाती येतात काही ग्रॅम. द्रावणाचा सामू १०च्या वर राखावा लागतो, नाहीतर विषारी वायू सुटतो. म्हणजे दिवसभर नजर आकड्यावर, आणि समोर फक्त करडा गाळ. सोन्याच्या कामात सोनंच दिसत नाही, हा विचार तिला फार वेळ पुरला.

कडी जुळली. तिने उठताना नकळत पदर झटकला आणि ती ओशाळली.

सोनाराने आधी डबीचं झाकण लावलं, मग पंखा सुरू केला.