बॅटरीच्या माथ्यावरची वर्षं

माझे वडील, आप्पा, कोक कानाने पारखायचे. अंबरनाथच्या एका फाउंड्रीत ते क्युपोला भट्टीवर होते. कोकचा ट्रक रिकामा झाला की ढिगातले दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटायचे. पक्का कोक खणकन वाजतो, नीट भाजलेल्या मडक्यासारखा. कच्चा असला तर भद्द आवाज येतो आणि बोटं काळी होतात. पक्का कोक काळा नसतोच. तो राखाडी असतो, त्याला चंदेरी झाक असते आणि अंगभर बारीक भोकं. क्युपोलात खाली कोकचा बिछाना, त्यावर बीड, भंगार, चुनखडी, पुन्हा कोक, असे थर चढतात. एवढं ओझं अंगावर घेऊनही कोकने चुरगळायचं नसतं, कारण त्याच्या फटींतूनच हवा वर जाते आणि वितळलेलं बीड खाली झिरपतं. साधा दगडी कोळसा तिथे टिकत नाही. तो तापला की मऊ पडतो, फुगतो, एकमेकांना चिकटून वाट बुजवतो.

हे सगळं मला दहाव्या वर्षीच पाठ होतं. सुट्टीत आप्पांचा डबा घेऊन मी सायकलवरून अंबरनाथला जात असे. आमचं घर उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये, मराठा सेक्शनात. महायुद्धात इथे लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. माझ्या लहानपणी बराकी होत्या आणि शेगड्याही होत्या. फाउंड्रीत चाळणीखाली पडलेला बारीक कोक आप्पा स्वस्तात घेऊन यायचे. तो पेटता पेटत नसे, आई पंख्याने वारा घालून दमून जाई. पण एकदा धरला की धूर नाही, वास नाही, भाकरी करपत नाही. शेजारच्या सिंधी अम्मा कधीकधी घमेलं घेऊन यायच्या आणि आई त्यांना दोन मुठी द्यायची.

हा येतो कुठून, असं मी आप्पांना विचारलं होतं. ते म्हणाले, “धनबादकडनं. तिथं कोळसा भाजतात.”

कोळसा जाळतात हे माहीत होतं. भाजतात म्हणजे काय, ते कळायला मला १९८३ साल उजाडलं. आयटीआय करून मी पूर्वेकडच्या एका पोलाद कारखान्यात लागलो आणि माझी नेमणूक कोक ओव्हनला झाली.

बॅटरी म्हणजे एकाला एक खेटून उभ्या केलेल्या अरुंद भट्ट्यांची रांग. आमच्या बॅटरीत ६५ भट्ट्या होत्या, सोव्हिएत बनावटीच्या. एकेक भट्टी सुमारे १४ मीटर लांब, ४.३ मीटर उंच आणि रुंदी जेमतेम ४१ सेंटीमीटर. पुस्तकांच्या कपाटात पुस्तकं उभी असतात ना, तशा. दोन भट्ट्यांमधल्या भिंतीच्या पोटात गॅस जळत असतो, तेराशे अंशांच्या आसपास. आतल्या कोळशाला ज्योत कधी शिवत नाही; फक्त भिंतीची धग लागते. बदलापूरच्या मागच्या डोंगरांत कातकरी लाकडं रचून, पाला आणि माती लिंपून कोळशाची भट्टी लावतात. तत्त्व तेच. हवा लागली तर लाकडाची राख, हवा अडवली तर कोळसा. आमच्याकडे लाकडाच्या जागी दगडी कोळसा आणि मातीच्या जागी सिलिका विटा.

माथ्यावरून चार्जिंग कार येते आणि भोकांतून १६ टनांच्या आसपास बारीक दळलेला कोळसा आत ओतते. भिंतीलगतचा कोळसा ३५०–४०० अंशांना चिखलासारखा मऊ होतो, ५०० च्या सुमाराला पुन्हा घट्ट होतो, आणि हा मऊ थर दोन्ही भिंतींकडून हळूहळू मधे सरकत जातो. सतरा-अठरा तासांनी दोन्ही थर मधोमध भेटतात. आतला ऐवज हजार अंशांवर पोचतो, थोडा आकसतो आणि भिंतीपासून सुटतो. मग दोन्ही बाजूंचे दरवाजे काढतात, एका बाजूने पुशरचा दांडा शिरतो आणि दुसऱ्या बाजूने कोक बाहेर पडतो.

रात्रपाळीत मी तो पहिल्यांदा बाहेर पडताना पाहिला. नारिंगी रंगाची अख्खी भिंत पुढे सरकत आली, मधोमध उभी चीर पडलेली, आणि करकरत खालच्या गाडीत कोसळली. हवा लागताच तिच्यावर निळ्या-पिवळ्या ज्वाळा धावल्या. सतरा तास सांभाळलेला माल आता खरंच जळायला लागला होता. गाडी धावत मनोऱ्याखाली गेली, मिनिटभर पाणी पडलं, वाफेचा ढग वर गेला आणि तारे दिसेनासे झाले. गाडी परत आली तेव्हा तिच्यात आप्पांचा राखाडी कोक होता.

भट्ट्या ओळीने रिकाम्या करत नाहीत. पहिली, मग सहावी, अकरावी, सोळावी. ती फेरी संपली की तिसरी, आठवी, तेरावी. एखादी रिकामी असताना तिच्या शेजारच्या दोघी अर्ध्या वाटेवर असल्या पाहिजेत, म्हणजे मधल्या भिंतीला एका अंगाने आधार राहतो. आणि बॅटरी एकदा पेटली की विझवायची नसते. नवीन बॅटरी तापवायलाच दोन-तीन महिने घेतात, कारण सिलिकाची वीट सुरुवातीच्या उष्णतेत सर्वांत जास्त फुगते. थंड होऊ दिली तर तितक्याच वेगाने आकसून तडकते. दिवाळी असो, संप असो, कुणाच्या घरी मयत असो, पंचवीस-तीस वर्षं भिंतीतली आग चालूच. मला नोकरीतलं हे सर्वांत जड वाटायचं. यंत्र बंद करून घरी जाण्याचं सुख फाउंड्रीत आप्पांना रोज संध्याकाळी मिळत होतं.

माझं काम माथ्यावर होतं, लिडमनचं. भट्टी भरून झाली की भोकांवर लोखंडी झाकणं बसवायची आणि त्यांच्या कडेने मातीचा पातळ गारा ओतून फट बुजवायची. खालच्या मजल्यावर दरवाजेवाले हेच करत. चौकटीवर जमलेला डांबराचा थर सळईने खरवडायचा आणि जिथून धूर येईल तिथे माती थापायची. एवढ्या अवजड यंत्रांच्या गर्दीत कोकचं खरं राखणं या मातीच्या गोळ्यावर होतं. फट राहिली की दोन्हीकडून नुकसान: आत हवा गेली तर माल जळतो, बाहेर धूर आला तर माणूस.

माथ्यावरची फरशी इतकी तापलेली असे की बुटांचे रबरी तळ वितळायचे. म्हणून बुटांखाली लाकडी खडावा बांधायच्या. पंढरीच्या वाटेवर महाराज लोकांच्या पायांत पाहिलेल्या खडावा मी तिथे अकरा वर्षं घातल्या. मला काम शिकवणारे चाचा साठीला टेकलेले होते. वारा कुठून आहे ते पाहूनच ते झाकणाजवळ जायचे आणि मला खांद्याला धरून वाऱ्याच्या बाजूला उभं करायचे. स्वतः मात्र घाई असली की धुरात वाकायचे. त्यांच्या गमछ्याला पिवळट तपकिरी रंग चढला होता, धुऊन न जाणारा.

एकदा भट्टी अडली. कोक पुरता आकसला नव्हता, दांडा थोडा आत जाऊन थांबला. जोर वाढवला तर भिंत पडेल. दोन्ही दरवाजे उघडे ठेवून, तोंडाशी उभं राहून लांब सळयांनी लाल कोक हाताने उकरून काढावा लागला. दोन-दोन मिनिटांनी माणसं बदलत होतो. आठ तास लागले. माझ्या भुवया जळल्या. चाचांना त्या दिवशी सुट्टी होती, तरी कुणीतरी निरोप दिल्यावर आले आणि पहाटेपर्यंत उभे राहिले.

धूर आम्ही शत्रू समजायचो, पण त्यातच निम्मा खजिना होता. टनभर कोळशातून पाऊण टन कोक निघतो. उरतो तो गॅस, डांबर, अमोनिया, बेन्झॉल, नॅफ्थलीन. गॅस परत भिंती तापवायला आणि रोलिंग मिलला जातो. नॅफ्थलीन हातात पहिल्यांदा घेतलं तेव्हा मला आईची ट्रंक आठवली, शालूच्या घडीत ठेवलेल्या डांबरगोळ्या. हा शब्द मी जन्मभर वापरला होता आणि त्यात डांबर का, हे कधी विचारलं नव्हतं. १८९७ मध्ये जर्मनीत कारखान्यातली नीळ बाजारात आली तीही याच नॅफ्थलीनपासून केलेली. पुढे कॅम्प ४ आणि ५ मध्ये जीन्स धुण्याचे कारखाने आले आणि वालधुनी नदीचं पाणी निळं झालं. सुट्टीवर आलो की पुलावर उभं राहून ते पाणी पाहताना मला भट्टीचा वास यायचा.

निवृत्तीनंतर आप्पा माझ्याकडे महिनाभर राहायला आले. परवानगी काढून मी त्यांना व्हार्फवर नेलं, जिथे विझवलेला कोक उतारावर पसरतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गार झालेले दोन तुकडे उचलून त्यांनी कानाजवळ आपटले. “चांगला आहे,” म्हणाले. मग वर माथ्याकडे पाहिलं. एका झाकणाच्या कडेने पिवळा धूर निघत होता आणि चाचांच्या जागी आलेला पोरगा त्यावर वाकला होता. “तू तिथं असतोस?” मी हो म्हटलं. परतताना त्यांनी ते दोन्ही तुकडे जिथून उचलले तिथेच ठेवले.

चाचा निवृत्त झाल्यावर दीड वर्षात गेले, छातीच्या दुखण्याने. आमच्यापैकी कुणी त्याला कामाशी जोडलं नाही. विडी ओढायचे, असंच सगळे म्हणाले. १९७१ साली अमेरिकेत पिट्सबर्ग भागातल्या पोलाद कामगारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, हे मला फार उशिरा, युनियनच्या एका शिबिरात कळलं. बॅटरीच्या माथ्यावर पाच वर्षांहून जास्त पूर्णवेळ काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर पोलाद कामगारांच्या सुमारे दहापट होते. माथ्यावरचे वेगळे, दरवाज्यांवरचे वेगळे, असे गट पाडून मोजले म्हणून ते दिसलं. सगळे एकत्र मोजले असते तर आकडा बुडून गेला असता. १९७६ मध्ये तिथे कोक ओव्हनच्या धुरावर मर्यादा घालणारा नियम झाला. मी माथ्यावर चढलो तो त्यानंतर सात वर्षांनी, नाकाला ओला रुमाल बांधून.

आता मी पुन्हा कॅम्प ४ मध्ये राहतो. पेण तालुक्यात डोलवीला कोकच्या मोठ्या बॅटऱ्या आहेत, गोव्यात आमोण्याला आहेत. नव्या भट्ट्यांचे दरवाजे जास्त घट्ट बसतात, काही ठिकाणी कोक पाण्याऐवजी नायट्रोजनने गार करतात. तिथल्या पोरांच्या नाकावर काय असतं, हे मी भेटेल त्याला विचारतो.

गेल्या पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून इथल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होत्या. काम काय करत होता, म्हणून विचारलं. मी कोक ओव्हन म्हटलं. त्यांनी कागदावर ‘कोळशाची खाण’ लिहिलं. मी म्हटलं, “खाण नाही, बाई. ते खोडा. कोक ओव्हन लिहा, बॅटरीचा माथा.” त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणजे काय ते सांगा म्हणाल्या. बाहेर रांग होती तरी मी सांगितलं: झाकण, गारा, पिवळा धूर, वाऱ्याची बाजू. त्यांनी जुनं खोडलं, नवीन लिहिलं आणि विचारलं, “माथ्यावर किती वर्षं?”

“अकरा.”

तेही त्यांनी लिहून घेतलं.