पाणसळ

देगलूरला आमच्या गल्लीत बोअरच्या मोटारी रिवाइंडिंग करणारे एक मिस्तरी होते. ज्याचे हात काळे, त्याचं शिक्षण राहून गेलेलं, असं मला तेव्हा वाटायचं. हीच समजूत घेऊन मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो.

कॉलेजच्या रोबोटिक्स टीममध्ये जोडणीचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते कमीपणाचं वाटलं. एका स्पर्धेत आमचा रोबो उताराच्या वळणावर कलंडला. डाव्या चाकाच्या ब्रॅकेटचा बोल्ट मी हातानंच फिरवून सोडला होता, पाना लावलाच नव्हता. सामना संपल्यावर तो माझ्या हातात गळून पडला. मी तो खिशात टाकला. सगळ्यांनी दोष प्रोग्राम लिहिणाऱ्या ज्युनिअरला दिला. मी गप्प राहिलो. पुढच्या महिन्यात त्या मुलानं टीम सोडली.

२०१४ मध्ये आबू रोबोकॉन पुण्यात होती. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेनं २००२ मध्ये टोकियोत सुरू केलेली ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. २००८ मध्येही ती पुण्याला आली होती. मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं ते प्रमाणपत्रासाठी, हे कबूल करतो. परदेशी टीमसोबत फिरायला मिळेल असं वाटलं होतं. मिळालं मैदान पूर्ववत करण्याचं काम.

त्या वर्षीचा विषय पालकत्वाचा होता. पालक रोबोनं बाळ रोबोला उचलून सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोका द्यायचा, शेवटी जंगल जिमवर चढवायचं. सगळं तीन मिनिटांत. जी टीम हे सगळं आधी पूर्ण करेल, तिच्यासाठी शब्द होता ‘शाबाश’. आपल्या घरातला शब्द परदेशी मुलांच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा यायचा.

आमच्या तुकडीवर एक निवृत्त निदेशक होते. आयुष्य आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. त्यांच्या खिशात वीतभर लांबीची पाणसळ असायची. मैदानाची जोडणी चालू असताना ते प्रत्येक जोडाशी गुडघे टेकून बसत, पाणसळ ठेवत आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत उठत नसत. मी एकदा कंटाळून म्हणालो, “सर, आत्ताच तर बघितलं.”

“अरे, ही पोरं वर्षभर राबून आलीत,” ते म्हणाले. “हरली तर त्यांना कळायला हवं की चूक त्यांचीच होती. आपल्यामुळं शंका राहिली तर ती पोरं आयुष्यभर स्वतःचंच तपासत बसतील.”

ते सहज बोलले होते. माझ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण मला पुढं उभं राहवेना. त्या रात्री हॉस्टेलवर मी तो बोल्ट शोधून काढला. त्या ज्युनिअरला फोन मात्र केला नाही. एवढं धैर्य तेव्हा नव्हतं.

२४ ऑगस्टला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात व्हिएतनामची लाक हाँग विद्यापीठाची टीम जिंकली. लोक मैदानाकडे धावले. सर एका कोपऱ्यात पाने मोजून पेटीत ठेवत होते. मी जाऊन बसलो आणि मोजायला लागलो. जाताना त्यांनी पाणसळ माझ्या हातात दिली.

नंतर मी देगलूरला परतलो. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे काही शाळकरी मुलं येतात, पुठ्ठा आणि जुन्या मोटारींचे रोबो करतात. त्या मोटारी मिस्तरींच्याच दुकानातून येतात. आधी टेबल पाणसळीनं बघायचं, मग रोबो ठेवायचा, एवढंच मी त्यांना नीट शिकवू शकलो. एकदा सहावीतल्या एका मुलीच्या जोडीदाराचा रोबो पडला. तो रडवेला झाला. तेवढ्यात ती स्वतः उठून म्हणाली, “सर, नट मी आवळला नव्हता. त्याचं काही चुकलं नाही.”

तिला सांगायला कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र इतकी वर्षं थांबलो होतो.

त्या संध्याकाळी मी ज्युनिअरला फोन लावला. सगळं सांगितलं. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मग त्यानं विचारलं, “कुठला बोल्ट?”

“डाव्या चाकाचा.”

“मी महिनाभर वळणाचाच कोड बघत होतो,” तो म्हणाला.