एका शब्दावरील तांबडी रेघ

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या वहींतील एका शब्दावर आम्हीं तांबडी रेघ ओढली होती. उतारा टॅसिटसच्या ‘ॲनल्स’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांतील. इ. स. 16 मध्यें जर्मानिकस आपल्या सैनिकांस धीर देतो, कीं शत्रूंच्या ढालींना लोखंडाची वा ‘नेर्वुस’ची बळकटी नाहीं, त्या नुसत्या काटक्यांच्या विणीच्या, नाहीं तर पातळ रंगीत फळ्यांच्या. (हें भाषण टॅसिटसनें सुमारें शंभर वर्षांनंतर रचलेलें, ही गोष्ट वेगळी.) विद्यार्थ्यानें ‘स्नायु’ असें लिहिलें होतें. आम्हीं तें खोडून ‘कातडें’ लिहिलें, आणि वर्गांत हंसलोंही. ढालीला स्नायु कसले!

आमच्या बाजूस लुइस व शॉर्ट यांचा 1879 चा कोश होता; त्यांत या स्थळीं ढालीवर मढविलेलें कातडें असाच अर्थ दिला आहे. शिवाय, खरें सांगावयाचें तर, आमच्या मनांत गेंड्याच्या कातड्याची आपली मराठी ढाल होती.

परवां तेंच स्थळ पुन्हां वाचण्यांत आलें. ‘नेर्वुस’ हा संस्कृत ‘स्नावन्’ शब्दाचा सख्खा भाऊ. मूळ अर्थ शरीरांतील चिवट तंतु. धनुष्याच्या दोरीसही हाच शब्द. नुसतें कातडें म्हणावयाचें तर लॅटिनमध्यें ‘पेलिस’ आहे. अदुआतुकी लोकांनीं घाईघाईनें केलेल्या ढालींविषयीं सीझरनें तोच वापरला. मग टॅसिटसनें तो कां टाळावा?

युफ्रेटिसकांठीं ड्युरा-युरोपस येथें सांपडलेली तिसऱ्या शतकांतील रोमन ढाल येल विद्यापीठाच्या संग्रहालयांत आहे. लांकडाच्या पातळ पट्ट्यांचे आडवे-उभे तीन थर चिकटविलेले, आणि कडेला कच्च्या कातड्याची बांधणी. पॉलिबियस याच कडेला, वर व खालीं, लोखंडाची पट्टी सांगतो. ओलें असतां ओढून बसविलेलें कच्चें कातडें वाळतांना आंखडतें व सांधा आवळून धरतें. टॅसिटस लोखंडाच्या जोडीस बसवितो तो पदार्थ असा आवळणारा, मढविणारा नव्हे. कातडें असो कीं तंतु, त्याचें काम स्नायूचें आहे. मुलाचा शब्द आमच्याहून सरस होता.

त्या वर्षअखेरीस त्यानें लॅटिन सोडलें. पुढें तो वकील झाला. त्यास पत्र लिहावयास आम्हीं घेतलें आहे. पण मायना ‘चिरंजीव’ असा घालावा कीं ‘राजमान्य राजश्री’, येथेंच अडलों आहों.