जुन्या लष्करी ट्रकचा हौदा : कोणत्या वर्षाचे लाकूड जपायचे?

महायुद्धातील लष्करी ट्रक म्हटला की पोलाद डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात अशा कितीतरी ट्रकांचे हौदे लाकडी होते. आजचा धागा त्या लाकडाविषयी. निमित्त आहे अहमदपूर तालुक्यात एका मित्राच्या शेतातील शेडखाली उभी असलेली जुनी 'जीएमसी'.

अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात 'सीसीकेडब्ल्यू' हा अडीच टनी, सहाही चाकांना गती देणारा ट्रक साडेपाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. नावातील अक्षरे सांकेतिक आहेत : पहिला 'सी' १९४१च्या आराखड्याचा, दुसरा रूढ बांधणीच्या केबिनचा, 'के' पुढील आसाला मिळणाऱ्या गतीचा, 'डब्ल्यू' मागील जोडआसाचा. आरंभी हौदा पोलादी होता. युद्धात पोलादाची टंचाई भासू लागताच तो संपूर्ण लाकडी झाला. लाकूड समाधानकारक ठरेना, म्हणून पोलादी बाजू आणि लाकडी तळ असा मधला मार्ग निघाला. अखेरीस पुन्हा पोलादच आले. आमच्या गाडीचा हौदा तळापासून फाळक्यापर्यंत लाकडी आहे.

लाकडी बांधणीचे त्या काळी आपल्याकडेही कोणाला नवल नव्हते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडीही लाकडीच होती.

मित्राच्या घरी सांगतात की ही गाडी 'पोलीस ॲक्शन'मध्ये फौजेबरोबर आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील फौज सोलापूरहून निघाली, त्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल तिच्या ताब्यात आला आणि १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मित्राच्या वडिलांची इच्छा साधी होती : हौदा नवा करावा, हिरवा रंग द्यावा, पांढरा तारा काढावा, फाळक्यावर '१९४८' लिहावे आणि मुक्तिसंग्राम दिनी गाडी लातुरात न्यावी. (पांढरा तारा ही अमेरिकी सैन्याची खूण. हैदराबादच्या कारवाईशी तिचा काय संबंध, हा प्रश्न मी त्या दिवशी गिळला.)

घरातील लोखंडी पेटीत डिस्पोजलच्या लिलावाची पावती निघाली. युद्धानंतर सरकारने अशा हजारो गाड्या विकून टाकल्या होत्या. पावतीवर पलटणीचे नाव नाही, १९४८चा उल्लेखही नाही.

मग नांदेडहून आलेल्या वयस्क मिस्त्रींनी हौदा उघडायला घेतला. ते त्याला बैलगाडीच्या सवयीने 'साटा'च म्हणत. "फळी वरून नाही कुजत पोरी, बोल्टापासून कुजते," असे म्हणून त्यांनी पटाशीचे टोक एका भोकाशी टेकवले आणि ते बोटभर आत गेले. बोल्टाच्या कडेने पाणी उतरते, लोखंडाचा गंज लाकडातील तुरट द्रव्याशी मिसळतो आणि भोकाभोवती निळसर काळे वलय धरते. चासीवर हौदा जेथे टेकतो तेथील आडव्या दांड्यांत ही वलये सर्वाधिक होती. खड्ड्यांतून जाताना चासी पिळवटते. हौद्याचे सांधे तो पीळ थोडा सोसतात, म्हणून बोल्ट करकचून आवळायचे नाहीत आणि फळ्यांमध्ये फट राखायची, हे मिस्त्रींनी दोनदा बजावले.

दोनच दांडे फिकट, अनोळखी परदेशी लाकडाचे निघाले. उरलेला हौदा सागाचा होता, म्हणजे येथेच कधीतरी नव्याने बांधलेला. किनवट-माहूरचे सागवान इथून फार दूर नाही. तळाच्या मधल्या फळ्या पोती ओढून ओढून गुळगुळीत झाल्या होत्या. डाव्या बाजूच्या फळीवर खिळ्याने ओढलेल्या रेघांचे पाच-पाचचे गट होते, एकाखाली एक, चांगले हातभर. लातूरच्या आडतीत उतरवलेल्या पोत्यांची ती मोजणी असे मित्राच्या आजींनी पाहताक्षणी सांगितले. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा ही गाडी तूर वाहत असे.

म्हणजे 'मूळ' हौदा परत आणायचा तर हे सागवान फेकावे लागणार होते. पुष्कळ हौशी संग्राहक तेच करतात, आणि मला ते पटत नाही. युद्धकाळातील हौद्याची प्रतिकृती नकाशावरून कधीही करता येईल. तुरीच्या पोत्यांनी घासलेली फळी पुन्हा करता येणार नाही. पलटणीचा पुरावा नसताना फाळक्यावर १९४८ लिहिणे तर मला खोटा शिलालेख कोरण्यासारखे वाटले, आणि तसे मी काकांना स्पष्ट सांगितले. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तोडगा आजींनी काढला : "रेघांची फळी राहू द्या, रंग बाहेरून द्या."

सडलेले चार दांडे आणि सहा फळ्या बदलल्या. प्रत्येक नव्या तुकड्याच्या खालच्या अंगाला मिस्त्रींनी पटाशीने चालू साल कोरले आहे, म्हणजे पुढे कोणी हौदा उघडला तर जुने-नवे वेगळे कळेल. ते दोन परदेशी दांडे जागच्या जागी आहेत. फाळका कोरा आहे. काका अजून अधूनमधून त्याच्याकडे पाहतात. आतून फक्त जवसाचे तेल दिले. पावसाळी हवेत पहिला हात वाळायला आठवडा लागला, दुसरा अजून बाकी आहे.