पट्टी छोटी, औषध मोठं

‘वरून लावायचं औषध, त्याने काय होणार?’ असं तुम्हीही म्हणता का? लखनऊला आमच्या घरी सासूबाईंच्या दंडावर कर्करोगाच्या वेदनांसाठी फेंटानिलची पट्टी आली, तेव्हापासून मी असं म्हणत नाही.

आमच्या या शहरात १९५१पासून केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. पण औषध शोधणं जितकं कठीण, तितकंच ते शरीरात पोचवणंही. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहून पातळ, तरी पक्का पहारेकरी! लहान आणि चरबीत विरघळणारे रेणूच त्यातून नीट आत शिरतात. १९७९मध्ये अमेरिकेत अशी पहिली पट्टी मंजूर झाली, ती प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची. इन्सुलिनचा रेणू मात्र साध्या पट्टीसाठी फार मोठा. त्यासाठी संशोधक अतिसूक्ष्म सुयांच्या पट्ट्यांवर काम करत आहेत.

वेदनेची पट्टी साधारण ७२ तास हळूहळू औषध सोडते. ऊब लागली की हा वेग वाढतो. जास्त औषध रक्तात गेलं तर गुंगी येते, श्वास मंदावतो. इथल्या जानेवारीच्या थंडीत सासूबाई गरम पाण्याची पिशवी मागायच्या. मी ती पायाशी ठेवायचे, दंडाजवळ कधीच नाही.

काढलेल्या पट्टीतही औषध उरतं. म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडा, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि तिची विल्हेवाट डॉक्टरांना विचारूनच लावा.